नवीन गाडीला शोरूमचं महागडं साऊंड पॅकेज आणि स्टायलिंग किट घ्यावं का? (ठाणे)

मृदुला_घोडबंदर

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय कारण दसऱ्याला डिलिव्हरी आहे. कॉम्पॅक्ट एसयूव्ही बुक केलीय, मधलं व्हेरियंट. कंपनीची टचस्क्रीन आहे, चार स्पीकर आहेत, सहा एअरबॅग आहेत, अलॉय नाहीत, १५ इंची स्टीलची चाकं आणि वर प्लास्टिकचं कव्हर. बुकिंगच्या वेळी सगळं गोड गोड चाललं होतं, आता पैसे भरायची वेळ आली तर सेल्सवाल्याने ॲक्सेसरीजची यादी पुढे सरकवली. साऊंड पॅकेज ५२ हजार, त्यात पुढे कॉम्पोनंट (खालच्या आणि वरच्या आवाजाचे वेगवेगळे) स्पीकर, मागे कोॲक्शियल (दोन्ही एकातच), सीटखालचा सबवूफर (फक्त खालच्या आवाजासाठी) आणि 'प्रीमियम वायरिंग'. १६ इंची अलॉय ४२ हजार, जुने टायर परत घेऊन. बॉडी किट, म्हणजे पुढेमागे स्कर्ट, साईडला क्लॅडिंग आणि क्रोमच्या पट्ट्या, १९ हजार. ॲम्बियंट लाईट साडेसात. सीट कव्हर आणि सेव्हन डी मॅट वेगळे. बेरीज सव्वा लाखाच्या वर जातेय. आणि वर म्हणतो, मॅडम निदान पन्नास हजारांच्या ॲक्सेसरीज घ्या, म्हणजे तुमची गाडी दसऱ्याला नक्की लावतो.

गाडी रोज मीच चालवणार, कासारवडवली ते महापे. घोडबंदर रोडची अवस्था तुम्हाला माहितीच आहे, माजिवड्यापर्यंत कधीकधी चालत लवकर पोचू असं वाटतं, मग कळवा, विटावा, पुढे ठाणे बेलापूर रोड. म्हणजे दिवसातला चांगला मोठा वेळ गाडीत जाणार आणि त्या वेळात मला नीट गाणं ऐकायचंय. घरात शास्त्रीय ऐकत मोठी झालेय, बाबा तबला वाजवतात, त्यामुळे डबड्यातून आल्यासारखा आवाज सहन होत नाही. टेस्ट ड्राईव्हच्या गाडीत ऐकून बघितलं, खालचा आवाज वाढवला की दार थरथरत होतं. नवऱ्याला आवाजाचं काही पडलेलं नाही, त्याला अलॉय आणि बॉडी किट हवंय, तो म्हणतो गाडी दिसली पाहिजे. दोघांचं मिळून बजेट ६० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही.

तर ५२ हजारांचं साऊंड पॅकेज खरंच तेवढ्या लायकीचं असतं का? बाहेरून केलं तर वॉरंटी जाते का? आणि स्टायलिंगमधलं काही घेण्यासारखं आहे का? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी प्लीज लिहा.

पाचपाखाडीकर

साऊंडचं जाणकार सांगतील, मी फक्त त्या पन्नास हजारांच्या अटीबद्दल लिहितो. ॲक्सेसरीज घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही असा कुठलाही नियम नाहीये. हे तोंडी भांडत बसू नका, आजच शोरूमला ईमेल टाका, की अमुक बुकिंग क्रमांकाच्या गाडीची डिलिव्हरी ॲक्सेसरीज घेण्यावर अवलंबून आहे का, कृपया लेखी कळवावं, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला कॉपीत ठेवा. लेखी 'हो' कोणीच देत नाही. इन्शुरन्सचंही तेच, त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं काही नाही, बाहेरचं कोटेशन घेऊन बघा, त्यातून वाचलेल्या पैशात तुमचे स्पीकर निघतील कदाचित.

डग्गा_नेरुळ

मृदुलाताई, दार थरथरत होतं हे तुम्ही लिहिलंत ना, तिथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. गाडीतल्या आवाजाचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे, स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांची दारं उघडून काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी वॅटचं बघू. स्क्रीनच्या जाहिरातीत '५० वॅट गुणिले ४' असं लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना तिच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्क्रीनच्या आतल्या छोट्या ॲम्पला (स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरला) त्याच्यापेक्षा जास्त मिळतच नाहीत. त्याचा आरएमएस, म्हणजे वरखाली होणाऱ्या व्होल्टची एक प्रकारची सरासरी, काढला की १० व्होल्टच्या जरा वर, त्याचा वर्ग १०४, भागिले स्पीकरचे ४ ओहम, झाले २६ वॅट. हे कागदावरचं कमाल, चिपमध्ये थोडे खर्ची पडतात आणि स्पीकरला स्वच्छ असे १८-२० वॅट मिळतात. आता तुमच्या यादीत वेगळा ॲम्प्लिफायर मला कुठे दिसला नाही. सीटखालच्या सबवूफरमध्ये त्याचा स्वतःचा असतो, पण दारातल्या कॉम्पोनंटना तेच १८ वॅट. म्हणजे तुम्ही महाग स्पीकर घेणार आणि त्यांना चालवायला ताकद जुनीच. फरक पडेल, नाही असं नाही, पण ५२ हजारांचा नाही पडणार.

आता दार. आतलं पॅनल काढलं की काय दिसतं ते सांगतो. बाहेरचा पत्रा एकदम पातळ, बोटाने टकटक केलं तर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. आतल्या पत्र्याला हाताचा पंजा आत जाईल एवढी मोठमोठी भोकं आणि त्यांच्यावर एक प्लास्टिकचा पातळ कागद डकवलेला. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते, ती ह्या भोकांतून बाहेर येते आणि पुढच्या लाटेला मारते, म्हणून खर्जाचा आवाज जातो आणि उरतो तो फक्त पत्र्याचा खडखडाट. ह्यावर उपाय म्हणजे ब्यूटिल रबराचे डॅम्पिंग (थरथर शोषणारे) शीट. बाहेरच्या पत्र्यावर आतून चिकटवायचे, सगळा पत्रा मढवायची गरज नसते, पाव ते अर्धा भाग झाकला तरी थरथर जाते. आतली भोकं मात्र नीट बंद करायची. तेवढ्यावर कंपनीचेच स्पीकर वेगळे वाटायला लागतात, ताई, खरंच. स्वस्तातले डांबरी शीट अजिबात लावू देऊ नका, मे महिन्यात उन्हात गाडी उभी राहिली की पाघळतात आणि वास मारतात.

ह्यात आपल्याकडच्या पावसाची एक गोष्ट आहे जी फिटिंगवाले घाईत विसरतात. दाराच्या आत पाणी जातंच, काचेच्या रबरातून आत उतरतं आणि दाराच्या तळाला बारीक भोकं असतात त्यातून बाहेर पडतं. ती भोकं शीटने बुजवली तर पाणी आत साचून पत्रा गंजणार. तसंच स्पीकरखाली एमडीएफ लाकडाची रिंग बसवतात, ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. प्लास्टिकची नाहीतर ॲल्युमिनियमची रिंग मागा, किमतीत फार फरक नसतो.

'प्रीमियम वायरिंग'बद्दल. स्पीकरची वायर दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची घ्या. जाऊन येऊन ८ मीटर धरली तर तिचा रोध साधारण ०.१ ओहम होतो, ४ ओहमच्या स्पीकरपुढे पाव डेसिबलपेक्षाही कमी नुकसान, ते रस्त्यावर सोडा, बंद खोलीतसुद्धा कळणार नाही. त्यामुळे सोन्याच्या मुलाम्याची, चांदीच्या तारेची, जाड वेणीची वायर ह्यावर पैसे घालू नका. एका वायरवर मात्र हात आखडता घेऊ नका, ती म्हणजे बॅटरीपासून ॲम्पपर्यंतची. तिथे शुद्ध तांबंच पाहिजे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर जाड आवरण घालून विकतात, तिचा रोध दीडपट असतो आणि करंट जास्त गेला की तापते. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच पाहिजे. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूजच गाडी वाचवतो. ५२ हजारांच्या पॅकेजमध्ये हा फ्यूज कुठे बसवणार हे त्या सेल्सवाल्याला विचारा, उत्तरावरून सगळं कळेल.

हाय रेझोल्यूशन ऑडिओचं (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगचं) पण कोणीतरी तुम्हाला सांगेलच. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये २००७ साली मेयर आणि मोरान ह्यांची चाचणी छापून आली होती, सुपर ऑडिओ सीडीसारखं उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट, आणि तेच १६ बिटच्या सीडी दर्जावर उतरवून, कुठलं कुठलं ते न सांगता लोकांना ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर आलं, म्हणजे छापाकाटा केला असता तरी तेवढंच आलं असतं. हे शांत जागेत, चांगल्या उपकरणांवर. आपण बसणार ठाणे बेलापूर रोडवर ट्रेलरच्या शेजारी, जिथे केबिनमध्येच साठ-सत्तर डेसिबलचा गोंगाट असतो.

मग पैसे कुठे लावायचे? माझ्या मते असं. पुढच्या दोन्ही दारांना डॅम्पिंग, सहा हजारांच्या आसपास. पुढे साडेसहा इंची कॉम्पोनंट, नऊ-दहा हजारांचे पुरतात. चार चॅनेलचा ॲम्प ज्याच्यात डीएसपी (प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा जुळवणारी डिजिटल चिप) आहे असा, अठरा-वीस हजार. वायरिंग आणि मजुरी धरून चाळीसच्या आत-बाहेर. मागच्या दारांना हात लावू नका, तुम्ही पुढे बसता, मागचे स्पीकर तुमच्यासाठी नाहीतच. डीएसपी मी मुद्दाम म्हणतोय. ड्रायव्हरच्या उजव्या दाराचा स्पीकर तुमच्यापासून तीन फुटांवर आणि डावीकडचा त्याच्यापेक्षा दीड-पावणेदोन फूट लांब. त्यामुळे उजवीकडचा आवाज साधारण दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायिका तुमच्या गुडघ्याशी बसून गातेय असं वाटतं. डीएसपीत उजवा स्पीकर तेवढा उशिरा सोडला की ती समोर डॅशबोर्डवर येऊन बसते. हा फरक कळायला कान तयार असावे लागत नाहीत, कोणालाही कळतो.

ऐकून बघताना बीटवालं गाणं लावू नका, ते सगळीकडेच दणदणतं. तुमच्याकडे तबल्याची एखादी सोलो असेलच. विलंबित लयीत डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हाचा घुमारा ऐका. तो वरखाली होताना सलग ऐकू आला पाहिजे, मध्येच एका सुराला दार बोललं की काम कच्चं आहे समजा.

सर्व्हेअर_वाशी

मोटार इन्शुरन्सच्या सर्व्हेचं काम करतो, त्यामुळे ह्या सगळ्या हौसेची दुसरी बाजू रोज बघतो. मृदुलाजी, स्टायलिंगच्या यादीकडे जरा माझ्या नजरेने बघा.

बॉडी किट म्हणजे प्लास्टिक नाहीतर फायबर. पॉलिसी झिरो डेप (घसारा न कापणारी) नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के आणि फायबरग्लासला ३० टक्के घसारा कापला जातो. आणि स्कर्ट गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाला असतो, आपल्याकडच्या स्पीडब्रेकरला पहिला तोच लागतो. क्रोमच्या पट्ट्या डबल टेपने चिकटवलेल्या असतात, खाली धूळ आणि पाणी अडकतं, दोन-तीन पावसाळ्यांनी काढल्या की रंगावर वण दिसतो. १९ हजार ह्याच्यात घालावेत असं मला तरी वाटत नाही.

बाहेरून बसवलेली कुठलीही इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत आपोआप येत नाही हे लक्षात ठेवा. गाडीच्या आयडीव्हीत (पॉलिसीत धरलेल्या किमतीत) कंपनीने दिलेल्याच वस्तू धरतात. साऊंडवर चाळीस हजार घातले तर बिल घ्या, इन्शुरन्स कंपनीला कळवा आणि आयएमटी २४ नावाचं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) घ्या, वस्तूच्या किमतीच्या साधारण ४ टक्के प्रीमियम, म्हणजे चाळीस हजारांना सोळाशे आणि वर टॅक्स. हे केलं नाही आणि ॲम्प चोरीला गेला तर एक पैसा मिळत नाही. तेच शोरूमच्या पॅकेजचंही, शोरूमने बसवलं म्हणजे ते कंपनीने दिलेलं ठरत नाही, इन्व्हॉइसवर वेगळं लिहिलेलं असतं.

सीट कव्हर. इथे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. तुमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत म्हणजे पुढच्या दोन्ही सीटच्या बाहेरच्या कडेला साईड एअरबॅग बसवलेली आहे, तिथे शिवणीजवळ छोटं लेबल असतं, बोट लावून बघा. जाड लेदरेटचं घट्ट कव्हर त्याच्यावर चढवलं की बॅग फुगायची वाट बंद होते किंवा ती भलतीकडे फुगते. कव्हर हवंच असेल तर त्या बाजूला मोकळी जागा किंवा मुद्दाम कच्ची ठेवलेली शिवण आहे असंच घ्या, आणि ते कुठल्या मॉडेलसाठी केलंय ते बिलावर लिहून घ्या. सेव्हन डी मॅट जाड असते, ड्रायव्हरच्या बाजूला पुढे सरकून पेडलखाली अडकते. हुकाला अडकणारी साधी रबराची मॅट पावसात पुसायलाही सोपी.

यादीत नाहीये पण नवऱ्याच्या मनात येईल म्हणून. पुढे स्टीलचा क्रॅश गार्ड नको, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय आणि टक्कर झाली तर एअरबॅगच्या सेन्सरला कळायला तो आडवा येतो. काळी फिल्म नको, पुढच्या मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे आणि २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोलीस त्यावर थांबवतात. हेडलाईटच्या हॅलोजन रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब तर अजिबात नको, रिफ्लेक्टर त्या बल्बसाठी बनलेलाच नसतो, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम १८२अ मध्ये आलंय.

उलवे_रायडर

सर्व्हेअर काका बोलले ते सुरक्षेचं शंभर टक्के मान्य, पण स्टायलिंग म्हणजे पैसे पाण्यात असं सगळे म्हणतायत ते मला पटत नाही. माणूस आयुष्यात किती गाड्या घेतो? मी पार्किंगमध्ये उतरतो तेव्हा माझी गाडी बघून मला आनंद होतो, रोज होतो, ह्या आनंदाची किंमत नाही का? ताईंना गाण्याचा आनंद हवाय, त्यांच्या मिस्टरांना दिसण्याचा हवाय, दोन्ही हौसच आहे ना, मग एकीला तांत्रिक हिशोब लावून मोठं करायचं आणि दुसरीला नावं ठेवायची हे बरोबर नाही.

फक्त शोरूमच्या भावाने घेऊ नका. त्याच गाडीच्या टॉप व्हेरियंटला कंपनीचे जे अलॉय येतात तेच शोधा. टॉपवाले बरेच लोक मोठी फॅन्सी चाकं लावायला गाडी घरी आल्या आल्या मूळची काढून टाकतात आणि विकतात, जवळजवळ नवीन, टायरसकट. ओनर्स ग्रुपवर विचारा, ४२ हजारांच्या बऱ्याच खाली मिळतील. माप कंपनीचंच राहिल्यामुळे सेन्सर, स्पीडोमीटर कशाचाच त्रास नाही. आणि ॲम्बियंट लाईट मात्र मीही नको म्हणेन, रात्री काचेत प्रतिबिंब पडतं आणि डोळे थकतात.

डग्गा_नेरुळ

@उलवे_रायडर, आनंदाचं तुमचं म्हणणं मान्य, भावा, त्याला माझी हरकतच नाही. फक्त घोडबंदर रोडला चाकाचं माप हा दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही. समजा स्टीलच्या १५ इंची चाकाला १८५/६५ टायर आहे (म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या ६५ टक्के), त्याची बाजूची भिंत १२० मिलिमीटर उंच. १६ इंचीला १९५/५५ घातला तर टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण भिंत होते १०७. खड्ड्यात धक्का खायला जे रबर असतं त्यातलं १३ मिलिमीटर कमी. वर स्टीलचा रिम वाकला तर ठोकून सरळ होतो, अलॉयला तडा गेला की बहुतेक वेळा बदलावाच लागतो. आणि ताईंच्या दृष्टीने अजून एक, रुंद आणि कमी भिंतीचा टायर रस्त्याचा आवाज जास्त आत आणतो, म्हणजे जे ऐकायला पैसे घालणार त्याच्यावरच पाणी. १५ इंचीच अलॉय मिळाले तर दोघांचं भागेल.

तीन_हात_नाका

मी सगळ्यांपेक्षा वेगळं सांगतो. आत्ता काहीच करू नका. गाडी घ्या, दोन-तीन महिने चालवा, कंपनीच्या सिस्टिमवर ऐका. टेस्ट ड्राईव्हच्या गाडीत आवाज वाईट यायचं कारण बऱ्याचदा स्पीकर नसून सेटिंग असतं. फोन ब्लूटूथने जोडलेला, ॲपमध्ये क्वालिटी 'ऑटोमॅटिक'वर म्हणून नेटवर्क कमी झालं की ती पण खाली, वर स्क्रीनमध्ये कोणीतरी बास आणि ट्रेबल शेवटपर्यंत ढकलून ठेवलेलं. आधी अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले केबलने लावा, ॲपमध्ये सगळ्यात वरची क्वालिटी निवडून गाणी घरच्या वायफायवर डाऊनलोड करा, इक्वलायझर सपाट करा, मग फक्त जे खटकतंय तेवढं खाली आणा. वाढवायचं नाही, कमी करायचं. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला समतोल) थोडा पुढे. ह्याला शून्य रुपये लागतात. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण आणि गाडीचा गरजेपुरता, उलटं नाही.

आणि आवाज किती मोठा ठेवतो त्याचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास एवढी मर्यादा सांगितलीय आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८६ ला फक्त १० तास. रोजच्या एवढ्या प्रवासात बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवत जातो. मोठ्या ॲम्पची हौस करताना हे डोक्यात असू द्या.

डग्गा_नेरुळ

तीन हात नाक्यांचं सेटिंगचं सगळं बरोबर आहे, ते आधी कराच. पण दार पत्र्याचं आहे तोपर्यंत सेटिंगने थरथर जात नाही. आणि डॅम्पिंगमुळे बाहेरचा गोंगाट थोडा कमी येतो म्हणून आवाज कमी ठेवूनही तानपुरा ऐकू येतो, कानांच्या दृष्टीने ते उलट चांगलंच आहे. घाई नको हे मात्र पटलं. ॲम्प आणि स्पीकर डिसेंबरात करा, आत्ता फक्त दारं करून घ्या.

मृदुला_घोडबंदर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. पाचपाखाडीकर म्हणाले तसा ईमेल टाकला, दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा स्वतःहून फोन आला, गाडी दसऱ्यालाच मिळेल आणि ॲक्सेसरीज तुमच्या इच्छेवर आहेत म्हणाले, मी म्हटलं हेच ईमेलवर पाठवा, पाठवलं. साऊंड पॅकेजमध्ये फ्यूज कुठे बसवता हे पण विचारलं. सेल्सवाला म्हणाला ते इलेक्ट्रिशियन बघतो. ते पॅकेज आता नाहीच.

नवऱ्याला उलवे रायडर ह्यांचा मुद्दा एवढा आवडला की त्याने तो मला दोनदा वाचून दाखवला. बॉडी किट आणि लाईट सोडून द्यायला तयार झालाय, ओनर्स ग्रुपवर १५ इंची अलॉय शोधतोय. सीट कव्हर रद्द, कापडाच्याच सीट ठेवू. दारांचं डॅम्पिंग डिलिव्हरीनंतर लगेच करणार.

आता एवढंच सांगा, बाहेरून केलं तर वॉरंटीचं काय? आणि फिटिंगवाला चांगला आहे हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं? ठाण्यात चार जणांची नावं मिळाली, चौघंही आम्हीच बेस्ट म्हणतायत.

डग्गा_नेरुळ

दारात शीट चिकटवल्याने वायरिंगला हातच लागत नाही, फक्त पॅनलच्या क्लिपा तुटू न देता काढल्या पाहिजेत, तुटल्या तर नवीन लावून द्यायच्या हे आधीच ठरवून घ्या. वॉरंटीचा प्रश्न येतो तो वायर कापली की. कंपनीची एकही वायर न कापता तुमच्या मॉडेलचा कपलर लावून ॲम्प जोडा, असं स्पष्ट सांगा. कपलर म्हणजे दोन्हीकडे सॉकेट असलेला तुकडा, मूळच्या जोडणीच्या मध्ये बसतो आणि काढला की गाडी होती तशी. वायर सोलून टेप गुंडाळलेली सर्व्हिस सेंटरला दिसली तर पुढे इलेक्ट्रिकलचं काहीही बिघडलं तरी ते तिकडेच बोट दाखवतील. स्क्रीन कंपनीचीच ठेवा, ती बदलली की रिव्हर्स कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणं सगळ्याचा गोंधळ.

फिटिंगवाला ओळखायचा असेल तर त्याने नुकत्याच केलेल्या गाडीचं दार उघडं असतानाचे फोटो मागा. काम नीट करणारे लोक फोटो काढून ठेवतात. फोटोत तळाची भोकं मोकळी दिसतायत का, शीट रोलरने दाबलेले आहेत की हवेचे फुगे आहेत, वायर पत्र्यातून जिथे आत येते तिथे रबराचा ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसवलेली रिंग) आहे का, एवढं बघा. पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने नेली पाहिजे, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर वर चढणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून येते. मजुरी आधी ठरवा आणि काम चालू असताना तिथेच थांबा, नको म्हणणाऱ्याकडे करू नका.

काम झालं की पॅनल बसवायच्या आधी काचेवर बाहेरून मगभर पाणी ओतायला सांगा आणि दाराच्या खाली वाकून बघा, तळाच्या भोकांतून धार आली पाहिजे. मग दोन्ही दारं बंद करून तबला लावा.

आणि डिसेंबरात स्पीकर बदलाल तेव्हा काढलेले मूळचे स्पीकर भंगारात देऊ नका, खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा तुमच्या सिस्टिमचे वेगळे पैसे देत नाही, तेव्हा आपलं सामान काढून मूळचं बसवायचं आणि आपलं पुढच्या गाडीत न्यायचं.

सर्व्हेअर_वाशी

आणि डॅम्पिंगचंसुद्धा पक्कं बिल घ्या, मृदुलाजी, जीएसटी क्रमांकासकट. उद्या दाराला ठोकर बसून पॅनल बदलायची वेळ आली तर आत काय होतं हे दाखवायला तोच एक कागद असतो.